एका पायाचे देणे

पणजोबांना लोक 'भिंत' म्हणत, कारण ते गल्लीत उभे राहिले की हातगाडीलाही वाट उरत नसे. त्यांचा मुलगा 'मुका'. तो मुका नव्हता, पण पाठीवर ओझे असताना तो बोलत नसे आणि ओझे उतरले की त्याला झोप येई, त्यामुळे त्याचा आवाज फारसा कोणी ऐकला नव्हता. मुक्याचा मुलगा 'सावकाश'. जिन्याच्या दर पायरीला हा एकच शब्द उच्चारत त्याने शहरातली निम्मी कपाटे वरून खाली आणि खालून वर नेली. आणि सावकाशचा मुलगा तो, ज्याची ही गोष्ट. त्याला घरात 'थोरला' म्हणत. त्याच्या मागून दुसरे मूल झाले नाही, पण आईने आशेने ठेवलेले नाव बदलायचे राहून गेले ते राहूनच गेले.

घराण्याचा धंदा सामान हलवण्याचा. गल्लीच्या तोंडाशी त्यांची वखार होती. आत एका भिंतीवर रुंद पट्टे ओळीने टांगलेले, दुसऱ्या भिंतीशी जाड चादरींच्या घड्या, कोपऱ्यात लाकडी फळ्या आणि मध्ये एक लांब बाक, ज्याच्यावर बसून सावकाशची बायको, म्हणजे थोरल्याची आई, सगळा कारभार पाही. कोणी कुठे जायचे, कोणाची जोडी कोणाशी, कोणाला आज पाठ दुखते म्हणून हलके काम द्यायचे, हे ती ठरवी. तिच्या शब्दापुढे कोणी जात नसे, आणि ते सगळ्यांच्याच सोयीचे होते.

या घराण्याची कामाची एक रीत होती. अरुंद वळणावर सामान भिंतीला घासणार असे दिसले, की सामान आणि भिंत यांच्यामध्ये आपला हात घालायचा. ओरखडा हाताला पडावा, सामानाला नाही आणि भिंतीलाही नाही. चार पिढ्या हे करून करून त्यांच्या पुरुषांच्या बोटांच्या सांध्यांवर पांढुरके वण असत. हात हे आपोआप करी. त्याला सांगावे लागत नसे, आणि त्याला थांबवताही येत नसे. याच रीतीपायी त्या घरावर एक देणे चढले होते.

मुक्याचा जोडीदार समोरच्या घरातला. दोघांनी उमेदीची सगळी वर्षे एकत्र ओझी वाहिली होती. एका बंगल्याच्या जिन्यावरून लोखंडी तिजोरी खाली आणताना वरचे टोक मुक्याकडे होते आणि खालचे जोडीदाराकडे. वळण आले आणि मालक वरून किंचाळला, "भिंत! अहो भिंत! परवाच रंग दिलाय!" मुक्याचा एक हात टोक सोडून भिंतीकडे गेला. तिजोरी घसरली. जोडीदाराचा गुडघा तिच्याखाली सापडला आणि तो पाय पुन्हा कधी वाकला नाही. भिंतीवर मात्र ओरखडासुद्धा उमटला नाही.

जोडीदाराच्या बायकोच्या जिव्हारी लागले ते हेच. मुका तिच्या दारात जाऊन उभा राहिला, तेव्हा ती त्याला म्हणाली, "माझ्या माणसाच्या पायापेक्षा तुम्हाला परक्याच्या भिंतीचा रंग मोठा वाटला. आजपासून तुमच्या घरातला हात आमच्या घरातल्या ओझ्याला लागायचा नाही. घागरीला नाही आणि काडीलाही नाही." बाई शब्दाची पक्की होती. पुढे जोडीदार वारला तेव्हा मुका खांदा द्यायला गेला, तर त्याच्यासाठी कोणी सरकून जागा केली नाही. तो तसाच मागे फिरला. मरताना त्याने सावकाशला जवळ बोलावले आणि आपल्या आयुष्यातले सर्वांत लांब भाषण केले: "आपण त्या घराचा एक पाय देणं लागतो. लक्षात ठेव."

पण घेणारीच हात पुढे करत नसेल, तर देणाऱ्याने देणे फेडावे कसे? सावकाशने आयुष्यभर त्या दाराकडे पाहिले. दार उघडले नाही. देणे होते तसे थोरल्याच्या पदरात आले.

थोरला सैन्यात गेला, आणि ज्या पलटणीत गेला तिथे त्याच्या तुकडीचा हवालदार होता समोरच्या घरचाच नातू. लहानपणी थोरला त्याला दादा म्हणत असे आणि गल्लीत त्याच्यामागे चेंडू आणायला पळत असे. आता तो 'हवालदारसाहेब' होता आणि थोरला होता 'हमाल'. हे नाव हवालदारानेच ठेवले, आणि त्यात कुचेष्टा फार नव्हती. निघायच्या दिवशी आईने थोरल्याला बाकासमोर उभे केले होते.

"हवालदार समोरच्यांचा नातू आहे, माहीत आहे ना?"

"माहीत आहे."

"त्याच्यापुढे लाचार व्हायचं नाही. देणं आहे म्हणून मान खाली घालायची नाही. मान खाली घालून देणं फिटत नाही, मान दुखते फक्त."

"मग काय करू?"

"तुझं काम चोख कर. वेळ आली की हात आपोआप पुढे जाईल. आपले हात आहेत ते."

सावकाश दारात उभा होता. त्याने मुलाच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाला, "सावकाश." याहून जास्त त्याला कधी सुचले नाही.

पलटणीत ट्रक भरताना थोरला खाली उभा राही आणि एकेकाची ट्रंक वर फेकल्यासारखी चढवी. हवालदाराची पाळी आली की हवालदार त्याचा हात बाजूला सारी.

"माझी ट्रंक मी चढवीन, हमाल."

"आजींची आज्ञा?"

"आजीची."

"आजी इथे कुठे दिसतात, साहेब?"

"तुला दिसत नसेल. मला सगळीकडे दिसते."

सगळे हसत. हवालदारही हसे, पण ट्रंक स्वतःच चढवी. माणूस सरळ होता आणि तुकडीतल्या प्रत्येकाची त्याला काळजी होती. थोरल्यालाही त्याने कधी जास्त पहारा लावला नाही की कमी जेवण वाढू दिले नाही. पण घरातून मिळालेला शब्द तो घरातल्या भांड्यासारखा जपत होता.

मग युद्ध सुरू झाले. तुकडीला एका नदीवरचा पूल राखायचा होता. पुलाच्या अलीकडे पिठाची जुनी गिरणी होती, दगडी आणि उंच. खाली जाती, मध्ये चाळण्यांचे दालन, सर्वांत वर पोत्यांचे कोठार, आणि कोठाराच्या खिडक्यांतून पूल पूर्ण दिसे. म्हणून तुकडी कोठारात बसली. हलले की पीठ उडे. दुसऱ्या दिवसापर्यंत सगळे असे पांढरे झाले की तुकडीचा ड्रायव्हर म्हणाला, "आता मेलो तरी भूत व्हायचे कष्ट वाचले." जेवण वर पोचवायला आचारी येई. त्याचे नाव 'खारट', आणि का ते कोणी विचारत नसे, कारण सगळ्यांनी चाखले होते.

सकाळी खारट चहाची किटली घेऊन वर आला आणि तेवढ्यात पहिला गोळा छतावर पडला. दुसऱ्याने जिन्याच्या खालच्या वळणावरची भिंत उडवली. धुरळा बसला तेव्हा दिसले की छताची लाकडे पेटली आहेत आणि तीन माणसे खाली पडली आहेत. संदेश पाठवणाऱ्या वायरलेसवाल्याच्या पोटरीत तुकडा घुसला होता. ड्रायव्हरच्या दोन्ही पावलांची चाळण झाली होती. आणि हवालदाराची उजवी मांडी मोडली होती. हाड बाहेर आले नव्हते, पण पाय भलत्याच दिशेला पडला होता.

हवालदाराने पडल्या पडल्याच हुकूम सोडले. बंदुकीवाले खिडक्या सोडणार नाहीत. पूल सोडायचा नाही. आग खाली उतरेल तसे मधल्या दालनात उतरायचे आणि तिथल्या खिडक्या धरायच्या. "आणि आम्हा तिघांना?" ड्रायव्हरने विचारले. "आपल्याला उतरवतील," हवालदार म्हणाला. पण कोण आणि कसे, हे त्याने सांगितले नाही.

खाली अंगणात, भिंतीच्या आडोशाला डॉक्टर होते. त्यांनी स्ट्रेचर घेऊन दोघांना पाठवले. ते जिन्याच्या वरच्या वळणापर्यंत आले आणि अडकले. जिना अरुंद, वळण काटकोनात, आणि स्ट्रेचर एवढे लांब की फिरेना. तिरपे केले तर माणूस घरंगळणार. त्यांनी तीनदा खटपट केली. खालच्या वळणावर भिंतीला दार मावेल एवढे भोक पडले होते आणि नदीपलीकडची मशीनगन नेमकी तिथेच नजर लावून बसली होती. जो तिथून जाई त्याच्यावर ती बरसे. परत जाताना स्ट्रेचरवाल्यांतल्या एकाला तिथेच खांद्याला गोळी लागली.

थोरला खिडकीतून उठला. "जरा बाजूला व्हा. मला जिना बघू द्या."

त्याने दोन्ही हात पसरून वळणाची रुंदी घेतली, पायऱ्यांवर बूट घासून पाहिले, वर छताकडे पाहिले. त्याचे डोळे शांत झाले. त्याच्यापुढे आता लढाई नव्हती, एक जिना होता, आणि जिन्यांची त्याला जन्मापासून ओळख होती.

"हे कपाटाचं वळण आहे," तो म्हणाला. "आडवं काही जाणार नाही. उभंच न्यावं लागेल. पोती द्या. बंदुकांचे पट्टे द्या."

त्याने पोते दुमडून वायरलेसवाल्याच्या बुडाखाली घेतले, पट्टे त्याच्या काखांतून आणि आपल्या खांद्यांवरून बांधले आणि माणसाला कपाटासारखे पाठीवर उभे घेतले. "हात गळ्यात घाल. गळा आवळू नकोस. आणि डोळे मीट, खाली बघायचं काम माझं."

खालच्या वळणाशी तो थांबला. पाठीवरचे ओझे नेहमीसारखे सरळ नेले तर भोकासमोर त्या माणसाचे अंगही उघडे पडणार होते. थोरला आडवा वळला. त्याने पाठ, म्हणजे ओझे, आतल्या भिंतीकडे केली आणि स्वतःची छाती भोकाकडे. खेकड्यासारखा एकेक पाय सरकवत, उघड्या छातीने, तो त्या भोकासमोरून गेला. मशीनगन तडतडली. डोक्यावरचा दगड फुटून कपच्या केसांत पडल्या. तो पळाला नाही. पाठीवर ओझे असताना पळायचे नसते, पळणारा पडतो. वायरलेसवाल्याने मात्र नंतर सांगितले की आपण अर्ध्या जिन्यात डोळे उघडले होते आणि थोरल्याच्या ओठांतून एकच शब्द येत होता. 'सावकाश.'

ड्रायव्हर जाडजूड होता. "मला शेवटी ने रे," तो म्हणाला, "तेवढ्यात घाम येऊन वजन कमी होईल." थोरल्याने त्याला पट्ट्यात अडकवले. भोकासमोर या वेळी गोळी थोरल्याच्या कानावरून गेली आणि अर्धा कान घेऊन गेली. रक्त गळ्यावरून ड्रायव्हरच्या हातावर आले.

"अरे, तुझा कान गेला!"

"अर्धा."

"असू दे. आधी तरी कुठे ऐकत होतास कोणाचं?"

डॉक्टरांनी त्याचा कान बांधायला घेतला तेव्हा तो म्हणाला, "अजून एक वर आहे." डॉक्टरांनी पट्टी भराभर गुंडाळली आणि त्याला अडवले नाही. वर किती धूर आहे ते त्यांनाही दिसत होते.

कोठारात आता लाकडे कोसळू लागली होती. बंदुकीवाले मधल्या दालनात उतरले होते. वर उरले होते हवालदार आणि त्याच्यापाशी बसून राहिलेला खारट.

"याला पाठीवर घेता येणार नाही," थोरला म्हणाला. "मांडी मोडलीय. पाय लोंबला तर हाड आत सगळं फाडेल." त्याने पोत्यांच्या मांडणीची फळी उपटली, पाय सरळ करून फळीला घट्ट बांधला आणि गिरणीच्या कारकुनाची खुर्ची ओढत आणली. "खुर्चीत बसवू. पाय पुढे ताठ राहील. दोघं लागतील. खारट, तू वर, मी खाली."

हवालदाराने त्याचे मनगट धरले.

"तू नाही."

"साहेब, छत बघा."

"दिसतंय छत. तू नाही. मधल्या दालनातून कोणाला तरी बोलाव."

"ते आले तर खिडक्या कोण धरणार? पूल तुम्हीच राखायला सांगितलात."

आपलाच हुकूम आपल्याला आडवा आलेला माणूस जसा दिसतो, तसा हवालदार दिसत होता. मग हळूच म्हणाला, "मी आजीला काय सांगू?"

"सांगा, शुद्ध नव्हती."

"मी खोटं नाही बोलत तिच्याशी. तिला कळतं."

"मग खरं सांगा," थोरला म्हणाला, आणि बऱ्याच वर्षांनी त्याने जुनी हाक मारली, "दादा. खरं सांगा की मुक्याच्या नातवानं उचललं. आणि तुमच्या आजोबांच्या जागी, खालच्या टोकाला उभं राहून उचललं. एवढं ऐकून त्या रागावल्या तर मी येतो शिव्या खायला."

हवालदाराने मनगट सोडले. हो म्हटले नाही. पण दोन्ही हातांनी खुर्चीचे हात धरले, आणि खुर्चीत बसलेल्या माणसाचा होकार तोच असतो.

वरचे टोक, म्हणजे खुर्चीची पाठ, खारटने धरले. खालचे, म्हणजे पुढचे पाय, थोरल्याने. तो उलट्या पावलांनी उतरत होता, तोंड हवालदाराकडे आणि पाठ जिन्याच्या उताराकडे. खुर्चीला बांधलेला पट्टा त्याच्या मानेवरून गेला होता. फळीला बांधलेला पाय त्याच्या डाव्या काखेखालून मागे निघाला होता. या जागेचा अर्थ त्याला पुरता ठाऊक होता. वरचा चुकला तर खालचा चिरडतो. त्याच्या घराण्यात हे चित्र कोणाला समजावून सांगावे लागत नव्हते.

"खारट, मी म्हणेन तेव्हाच पाऊल."

"हो."

"आणि मीठ नको घालूस कशात."

"गप रे," खारट म्हणाला आणि त्याने टोक नीट धरले.

वरचे वळण सुटले. खालच्या वळणावर थोरल्याने पाठ भोकाकडे केली आणि खुर्चीला आतल्या बाजूने फिरवायला सुरुवात केली. अर्धी फिरली. तेवढ्यात मशीनगनची फैर वरच्या कमानीवर बसली, दगडाच्या कपच्या खारटच्या तोंडावर उडाल्या, आणि त्याचे दोन्ही हात डोळ्यांकडे गेले. वरचे टोक सुटले.

खुर्ची हवालदारासकट थोरल्याच्या अंगावर आली. मानेवरचा पट्टा ताणला गेला. त्याने गुडघा खुर्चीखाली घालून ती छातीवर झेलली. पण फळीला बांधलेला पाय त्याच्या काखेतून सुटून कोपऱ्यातल्या दगडी भिंतीकडे सुसाट निघाला. त्या वजनाने फळी भिंतीवर आदळली असती तर मांडीचे मोडके हाड उभे फाटत गेले असते. विचार करायला वेळ नव्हता, आणि विचार झालाही नाही. थोरल्याचा डावा हात खुर्ची सोडून गेला आणि फळी व भिंत यांच्यामध्ये जाऊन बसला.

हाडांचा आवाज हवालदाराने ऐकला.

"हमाल!" हवालदार ओरडला. "सोड! हात काढ!"

"पाय लागला का?"

"नाही! तू हात काढ!"

"लागला नाही ना? मग झालं." त्याने छातीने खुर्ची वर रेटली. "खारट! दिसतंय का?"

"एका डोळ्यानं," खारट रडत म्हणाला.

"एक पुरे. धर टोक. घाबरू नकोस, धर. हं. आता मी म्हणेन तेव्हा पाऊल."

उरलेला जिना तो उजव्या हातावर, मानेवर आणि गुडघ्यावर उतरला. अंगणात डॉक्टरांच्या माणसांनी खुर्ची घेतली आणि हवालदाराचा पाय तपासून डॉक्टर म्हणाले, "हलला नाही. राहील हा पाय." ते ऐकूनच थोरला खाली बसला. मग डॉक्टरांनी त्याचा डावा हात पाहिला, आणि त्याच्याशेजारी तेही खाली बसले.

संध्याकाळीही पूल तुकडीच्याच ताब्यात होता. थोरल्याच्या डाव्या हाताची चार बोटे मात्र गेली. अंगठा तेवढा राहिला.

इस्पितळात दोघांच्या खाटा शेजारी होत्या. हवालदाराचा पाय वजने लावून वर टांगला होता. तिसऱ्या दिवशी एका डोळ्यावर पट्टी बांधलेला खारट आला आणि खाटेच्या पायथ्याशी उभा राहिला.

"माझ्यामुळे झालं. मी सोडलं. तू म्हणशील ती शिक्षा दे."

"डोळ्यात दगड गेला तर हात डोळ्याकडे जाणारच," थोरला म्हणाला. "तू जा म्हणालास का हाताला?"

"नाही."

"मग तुझा काय गुन्हा? आणि शिक्षाच पाहिजे असेल तर लढाई संपल्यावर आमच्या वखारीत ये. मला एका हातानं खालचं टोक धरता येईल पट्ट्यावर. वरच्याला दोन लागतात. ते तुझे."

खारट हसला आणि रडला, दोन्ही एकदमच. शेजारच्या खाटेवर हवालदार छताकडे पाहत पडून होता. खारट गेल्यावर तो म्हणाला, "असं कोणी म्हणालं असतं तर बरं झालं असतं. तेव्हा."

"कोणाला?"

"तुझ्या आजोबांना." आणि तो भिंतीकडे तोंड करून झोपला, म्हणजे झोपल्यासारखे केले.

थोरल्याला पदक मिळाले. तो घरी आला तेव्हा आईने ते हातात घेऊन उजेडात पाहिले, परत त्याच्या खिशात ठेवले आणि म्हणाली, "चांगलं आहे. हात दाखव." हात तिने दोन्ही हातांत धरला. तिचा चेहरा हलला नाही. "दुखतो?"

"थंडीत."

"मग थंडीत कामाला जायचं नाही. बाकी सगळं करायचं." सावकाश बाजूला उभा राहून मुलाच्या उरलेल्या अंगठ्याकडे पाहत होता. सांध्यावरचा पांढरा वण तेवढा जागच्या जागी होता.

लढाई संपली आणि खारट वखारीत रुजू झाला. आईने पहिल्याच दिवशी त्याला बजावले की सामान उचलायचे, चूल पेटवायची नाही. हवालदाराला लष्करी इस्पितळातून शहराच्या मोठ्या इस्पितळात हलवले होते, आणि त्याच्या आजीला त्याला पाहायला जायचे होते. पण गुडघ्यांनी दगा दिल्यापासून म्हातारी वरच्या मजल्यावरून उतरली नव्हती. शेजारचे दोघे तरुण तिला उचलायला तयार होते. तिने त्यांना परत पाठवले. मग खिडकी उघडली आणि समोरच्या वखारीकडे तोंड करून हाक मारली.

"अगं, ए! बाकावर बसली आहेस ना?"

थोरल्याच्या आईने मान वर केली. या खिडकीतून तिच्याशी कोणी बोलल्याचे तिला आठवत नव्हते. "बसले आहे. तुम्ही उभ्या का?"

"उपहास नको. मुलाला वर पाठव. आणि नवऱ्यालाही."

आईही उठली. तिघेही वर गेले, मागून खारट. खोलीत स्वच्छ झाडलोट होती, भिंतीशी खाट, खाटेशी खुर्ची. म्हातारी खाटेवर ताठ बसली होती. तिने थोरल्याला जवळ बोलावले आणि त्याचा तुटका हात आपल्या मांडीवर घेऊन बराच वेळ पाहिला.

"नातवानं पत्रात सगळं लिहिलंय. एक विचारते. खरं सांग. हात मध्ये घालायचा, असं ठरवलंस का तू?"

"नाही, आजी. ठरवायला वेळ नव्हता. तो आपोआप जातो."

"आपोआप."

"जिन्यावर वळण आलं, काही भिंतीकडे जायला लागलं, की हात जातो. मी झोपेतही घालतो म्हणते आई."

"खाटेवरून पडतो," आई म्हणाली.

म्हातारी हसली नाही. तिने सावकाशकडे पाहिले. मुक्याच्या मुलाकडे. "म्हणजे त्या दिवशी तुझ्या बापाचाही आपोआपच गेला असेल. मालक ओरडला म्हणून नाही."

सावकाश एक पाऊल पुढे आला. "ते कधी बोलले नाहीत, काकू."

"बोलायचा नाहीच तो. मुका मेला." तिने डोळे पुसले नाहीत, ओले तसेच राहू दिले. "मी एवढी वर्षं धरून बसले होते की त्याला रंग मोठा वाटला. बोलला असता तर मीही ऐकलं नसतं, ते सोड. मी तुमच्याकडे एक पाय मागत होते. तो तर तुम्ही आणून पोचवलात, माझ्या नातवाचा. वर ही चार बोटं. ती माझ्याकडे जास्तीची आली. ती मी ठेवून घ्यायची नाहीत."

"बोटं परत लागत नाहीत, आजी," थोरला म्हणाला.

"लागत नाहीत, ठाऊक आहे मला. म्हणून मी माझा शब्द परत देते. या घरातल्या सगळ्या ओझ्याला तुमचा हात लागेल. पहिलं ओझं मीच." तिने खुर्चीकडे बोट केले. "वर कोण?"

खारट पुढे आला. "मी. मीच तो, ज्यानं सोडलं होतं."

म्हातारीने त्याला पायापासून डोक्यापर्यंत पाहिले. "ठीक आहे. तुला आता सोडायचं नाही, हे इतरांपेक्षा जास्त कळलं असेल." आणि ती स्वतःच खुर्चीत सरकून बसली. खाली थोरला, मानेवर पट्टा घेऊन. बाजूला सावकाश, दर पायरीला आपला शब्द उच्चारत. म्हातारी वाटेत एकदाच बोलली: "अरे, कळलं रे, सावकाश. पण आज पोचायचं आहे ना?"

इस्पितळात ती खुर्चीतून नातवाच्या खाटेपर्यंत दोन पावले स्वतः चालली. तिने टांगलेल्या पायाचा अंगठा धरला. "हलव." अंगठा हलला. "पुन्हा." पुन्हा हलला. मग तिने मागे वळून सावकाश आणि त्याच्या बायकोकडे पाहिले आणि सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "मिळाला. पाय मिळाला. आमचं तुमच्याकडे आता काही निघत नाही."

आईने मान सरळ ठेवून ते स्वीकारले, जसे स्वीकारायला हवे तसे.

तेवढ्यात खाट बदलायची म्हणून इस्पितळातले दोन वॉर्डबॉय आले आणि त्यांनी हवालदाराला उचलायला हात पुढे केले. म्हातारीने त्यांना तळहात दाखवून थांबवले.

"तुम्ही राहू द्या," ती म्हणाली. "आमची माणसं आली आहेत."